डाव्या बाजूची मोहरी

माझं डोकं मागून छान गोल आहे, हे मला लहानपणापासून इतक्या वेळा ऐकावं लागलं की कुणी मागून हाक मारली तरी वाटायचं, झालं, आता डोक्याचं कौतुक. कौतुक करणारी एकच बाई, माझी आई. तिचं म्हणणं असं की मी जन्मले तेव्हा तिनं मांजरपाटाची छोटी उशी शिवली, तिच्यात मोहरी भरली आणि मला त्या उशीवर निजवलं. मोहरी डोक्याखाली हलत राहते, डोकं एका बाजूनं चेपत नाही, म्हणून ते गोल झालं. पुढं मी कॉम्प्युटर शिकले, नोकरीला लागले, त्याचंही श्रेय त्या उशीलाच गेलं. "डोकंच तसं घडवून दिलंय," असं ती आल्या-गेल्याला सांगायची. शेजारच्या काकूंच्या मुलाचं डोकं मागून सपाट होतं आणि त्याची दहावी एका फटक्यात झाली नव्हती. आईच्या मते एवढा पुरावा पुरेसा होता.

आम्ही गुलटेकडीला राहायचो, मार्केट यार्डाच्या इतक्या जवळ की वारा कुठून येतोय ते नाकाला कळायचं. कधी कांदा, कधी गूळ, कधी ओल्या पोत्यांचा वास. बाबा स्वारगेटच्या डेपोत वर्कशॉपला होते. आई मूळची नागपूरकडची. लग्न होऊन ती पुण्यात आली तेव्हा लोकांच्या बोलण्यात चौकशी कुठली आणि टोमणा कुठला हेच तिला कळायचं नाही. नंतर ती त्या विद्येत शेजाऱ्यांच्याही पुढं गेली. फक्त राग आला की तिची पुण्याची मराठी गळून पडायची आणि "काहून" आणि "कायले" सुरू व्हायचं. घरातलं हवामान आम्ही त्यावरून ओळखायचो.

ती ब्लाऊज शिवायची. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली तिचं पायाचं मशीन, शेजारी कापडांचा ढीग, आणि मापं घ्यायला दोरीवर टाकलेला फुलाफुलांचा पडदा. त्या पडद्याआड कॉलनीतल्या निम्म्या बायकांनी आपली सुखदुःखं सांगितली असतील. तोंडात टाचण्या धरून आई नुसती "हं" म्हणायची. माझा सगळा अभ्यास त्या मशीनच्या आवाजात झाला. अजूनही कुठं तसं मशीन चालू असलं तर मला उगाच पुस्तक उघडून बसावंसं वाटतं.

मी कॉलेजात होते त्या वर्षांत पुणं रोज वेगळं दिसायचं. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथचा सायबर कॅफे झाला. तोंडाला स्कार्फ गुंडाळून मुली स्कूटीवरून सुसाट जायला लागल्या. साडी तर सोडाच, मुली पंजाबी ड्रेस सोडून जीन्समध्ये आल्या. टीव्हीवर कुणी खुल्या धोरणाबद्दल बोलायला लागलं की आई म्हणायची, "यांच्या खुल्या धोरणानं पहिला माझा धंदा बंद केला." तसा तो बंद झाला नव्हता. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी तर आमचं घर पांढऱ्या कापडानं भरून जायचं. कॉलनीतल्या सगळ्या बायकांना पांढऱ्या साडीवर नवा पांढरा ब्लाऊज हवा असायचा, आणि तो आईच्याच हातचा हवा असायचा.

मी शेवटच्या वर्षाला असताना आईच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन करून ती बाजू पूर्ण काढली. मग केमो झाली, केस गेले. एका दुपारी ती आरशाकडं पाठ करून उभी राहिली आणि मला म्हणाली, "बघ गं, माझं डोकं मागून कसंय?" मी बघितलं. सपाट होतं. मी तसं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "तरीच. माझ्या आईला कुठली आली उशीत भरायला मोहरी. फोडणीला असली तरी खूप." मला त्या वेळी तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला. ऊन लागून ते गरम झालं होतं.

केस परत आले, ताकद परत आली, पण आई मशीनवर बसेना. तिची अडचण मला उशिरा समजली. दुसऱ्यांचे ब्लाऊज अंगाबरोबर बसवण्यात जिचं आयुष्य गेलं, तिच्या स्वतःच्या अंगावर एकही ब्लाऊज बसत नव्हता. एक बाजू भरलेली, एक रिकामी, कापडाला सुरकुत्या. पदर पुढं ओढून ओढून तिचा खांदा दुखायचा. एका दुकानात या कामासाठी तयार मिळणारी वस्तू आम्ही बघून आलो. आईनं ती बोटांनी दाबली, उलटीसुलटी केली आणि "हे घाम काढेल" असं म्हणून परत दिली. मग घरीच प्रयोग सुरू झाले. कापूस भरला तर तो हलका पडून गळ्यापर्यंत चढायचा. "एक ऑफिसला गेली, एक घरीच राहिली," असं म्हणून तिनं तो ब्लाऊज भिरकावला. तांदूळ भरले तर पिशवीला मुंग्या लागल्या.

शेवटी तिनं ट्रंक उघडली आणि तळातून माझी उशी काढली. इतकी वर्षं तिनं ती जपून ठेवली होती. उशी उसवून मोहरी ताटात ओतली, ओंजळीत घेऊन वजन बघितलं, थोडी कमी केली. मलमलीची पिशवी शिवली, तिला अस्तर लावलं, आणि ती ब्लाऊजच्या आत टाक्यांनी बसवली. मग पडद्याआडून बाहेर आली. चालून बघितलं, वाकून बघितलं, खुर्चीवर बसली, उठली. "हलते गं," ती म्हणाली, "माझ्याबरोबर हलते." तिचा तो आवाज मला अजून जसाच्या तसा आठवतो. बाबांनी एकदा तिच्याकडं बघितलं, परत पेपरात बघितलं, आणि "चहा टाकू का?" असं विचारलं. बाबांचं कौतुक यापुढं कधी गेलं नाही. मला मात्र रडू आलं. माझ्या डोक्याखालचे दाणे तिच्या छातीवर गेले होते आणि तिला ते शोभत होते.

दुसऱ्या दिवशीपासून मशीन सुरू झालं.

मोहरीचेही ताप होतेच. कॉलनीत एक लग्न होतं. आई नव्या साडीत, एकदम खुशीत. जेवणाच्या पंगतीत पिशवीची टीप कुठंतरी सुटली आणि पदराखालून मोहरी टपटप खाली पडायला लागली. फरशीवर काळे दाणे घरंगळत निघाले. आई जागच्या जागी गोठली. शेजारी काकू बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे आपल्या साडीचा घोळ त्या दाण्यांवर पसरला आणि वाढणाऱ्याला खड्या आवाजात विचारलं, "कोशिंबिरीची फोडणी आज जमिनीवर देताय का?" तो बिचारा माफी मागत गेला. काकू आईला म्हणाल्या, "अहो ताई, जेवा आता. मोहरीचा आळ कोशिंबिरीवर गेला." त्या दिवसापासून काकूंच्या मुलाच्या डोक्याचा विषय आईनं कायमचा बंद केला.

त्यानंतर एकदा एक दाणा असाच टाक्यातून निसटला आणि दिवसभर पिशवी आणि कातडीच्या मध्ये दबून राहिला. ऑपरेशनच्या व्रणाजवळ त्याचा खळगा पडला. तो बुजायला बरेच दिवस लागले. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढं सगळं तिच्यावरूनच घडलं.

हॉस्पिटलात तपासणीला गेलं की आई बाकी बायकांशी बोलायची, आणि मग त्यातली एखादी पत्ता विचारत आमच्या दारात यायची. "ब्लाऊज शिवायचाय," ती म्हणायची, आणि जरा थांबून, "मोहरीचा." आई पडदा ओढायची. या बायकांच्या वेळी तिच्या तोंडात टाचण्या नसायच्या. ती स्वतःचा हूक काढून आधी आपला ब्लाऊज दाखवायची, मग त्यांचं माप घ्यायची. जाताना त्या बायका ताठ चालत जायच्या, ते बघायला मी मुद्दाम खिडकीशी उभी राहायचे. मोहरी आणायचं काम बाबांकडं होतं. पहिल्यांदा ते यार्डातल्या भुसार बाजारात गेले आणि घाऊक दुकानदाराच्या आग्रहाला बळी पडून एवढी मोहरी घेऊन आले की आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. "लोणचं मोठं दिसतंय, असं तो म्हणाला," बाबा म्हणाले, "मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?"

मला हिंजवडीत नोकरी लागली. तेव्हा तिकडं जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस असायचा, मध्येच शेतात उगवल्यासारखी काचेची इमारत, आणि आमच्या बसला म्हशी आडव्या यायच्या. कंपनीची बस स्वारगेटवरून सुटायची. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राचं आईला फार अप्रूप होतं. त्याची पट्टी ती दर रविवारी धुवायची आणि इस्त्री करायची. माझ्या कुर्त्यांना तिनं मोबाइलसाठी आतून खिसे शिवून दिले, तर ऑफिसातल्या मैत्रिणी मागं लागल्या. आईनं काही दिवस हिंजवडीच्या मुलींचे खिसे शिवले. मग माझं लग्न झालं. मुलगा आमच्याच ऑफिसातला होता. आम्ही बिबवेवाडीत भाड्यानं राहायला लागलो. रविवारी आईकडं जेवायला जायचं हे न बोलता ठरलेलं होतं.

मला दिवस गेले तेव्हा आईनं सगळं आखून टाकलं. बाळंतपण माहेरी, म्हणजे तिच्याकडं. डिंकाचे लाडू कधी करायचे, बाळाला तेल कुठलं लावायचं, आंघोळ कोण घालणार, सगळं. आंघोळ अर्थातच ती घालणार. उशी तर शिवायचीच. "तुझी उशी मी वापरली," ती म्हणाली, "बाळाला नवी शिवीन."

त्या दिवसांत ऑफिसची बस वाकडच्या फाट्याला वळली की मला उलटी यायची. रविवार कधी येतो असं व्हायचं. अशाच एका रविवारी मी गेले तर आई खिडकीशी बसून पिशवी उसवत होती. मोहरी ताटात काढलेली.

"काय झालं?"

"दाणा सुटलाय कुठंतरी. लागतो."

तिनं टाके तपासले, मोहरी परत भरली, दुहेरी टीप मारली. पुढच्या रविवारी गेले तर परत तेच ताट, तीच मोहरी. या वेळी ती पिशवीला दुसरं अस्तर लावत होती. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं मोहरीच काढून टाकली होती आणि कापूस भरत होती. कापसाला तिनं किती शिव्या दिल्या होत्या ते मला माहीत होतं.

"आई, कापूस कशाला?"

"मोहरी थोडे दिवस बाजूला ठेवते. ठसा बुजेपर्यंत."

"पिशवी काढल्यावरही लागतो का तो दाणा?"

ती मशीनचं चाक हातानं उगाच फिरवत राहिली.

"दाखव मला."

"काहून?"

त्या एका शब्दावरून मला कळलं की ती घाबरलीय. मी पडदा ओढला. तिनं मान दुसरीकडं वळवून हूक काढले. तिथं सपाट कातडी होती आणि काखेकडं जाणारा तो फिकट व्रण. मी त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला दाणा लागला. गोल, कडक, मोहरीएवढाच. त्याच्याशेजारी दुसरा, त्याहून बारीक. डोळे मिटून हात लावला असता तर कुणालाही मोहरीच वाटली असती. पण मी कातडी हलवली तसा तो तिच्याबरोबर हलला. तो कातडीवर नव्हता, आत होता.

मला भयंकर भीती वाटली, आणि मला भीती वाटली की मी ओरडते. मी ओरडले.

"किती दिवस झाले?"

"थंडी पडली तेव्हापासून असेल."

"आणि तू मोहरी चाळत बसलीस?"

"पुढच्या महिन्यात तपासणी आहेच नं."

"तोवर काय, पेरून बघणार होतीस? उगवली तर मोहरी, नाही तर डॉक्टर?"

बाबा आतून आले, पडद्याबाहेर उभे राहिले. "चहा टाकू का?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. आणि आत जाऊन त्यांनी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली. रिक्षात आई बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मला मोहरीच वाटली गं." थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "पहिल्यांदा खरंच वाटली. मग वाटून घेतली." मी तिचा हात धरला. तिला कुणी हात धरलेला आवडायचा नाही, पण त्या दिवशी तिनं सोडवून घेतला नाही.

आमच्या डॉक्टर आईपेक्षा वयानं लहान होत्या. त्यांच्या ब्लाऊजचा खांदा उतरतो, हे आईला पहिल्या भेटीपासून खटकत होतं. त्यांनी दाणे तपासले आणि तेच विचारलं, किती दिवस. आईनं सगळी कथा सांगितली, लग्नातल्या कोशिंबिरीसकट. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी मोहरीची पिशवी बघायला मागितली. आईनं रात्री मोहरी परत भरून ती पर्समध्ये आणली होती; तिनं काढून दिली, तशी डॉक्टरांनी तळहातावर घेऊन जरा तोलली. "किती छान शिवलीय," त्या म्हणाल्या. "पण ताई, हा दाणा हिच्यातला नाही."

सुई घालून तपासणी झाली, मग बाकी शरीराच्या तपासण्या झाल्या. त्या दिवसांत मी ऑफिसात स्क्रीनकडं बघत बसायचे आणि काय वाचलं ते मला सांगता यायचं नाही. मग डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. जिथून गाठ काढली होती त्याच जागी, व्रणाच्या कातडीत, आजार परत आला होता. सगळं नीट काढलेलं असलं तरी कधी कधी असं होतं, असं त्या म्हणाल्या. दुसरीकडं कुठं गेलेला दिसत नव्हता. आता तेवढा भाग जास्त रुंद घेऊन परत काढायचा, आणि मग त्या जागी रेडिएशन. पहिल्या वेळी ते दिलेलं नव्हतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"हिचं बाळंतपण माझ्या हातून होईल का?"

"तसा आपण प्रयत्न करू."

"प्रयत्न तर मीपण करीन. होईल का ते सांगा."

"आज नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत म्हणून मला त्या आवडल्या, आणि खोटं बोलल्या नाहीत म्हणून त्यांचा रागही आला.

ऑपरेशन झालं. माझं पोट दिसायला लागलं आणि आईचं रेडिएशन सुरू झालं. बाबा रोज तिला घेऊन जायचे. डबा, पाण्याची बाटली, छत्री, सगळं घेऊन, गावाला निघाल्यासारखे. हळूहळू छातीवरची कातडी लाल झाली, मग काळपट, मग करपल्यासारखी. तिच्यावर काहीही घासायला नको, वजन नको, असं सांगितलं होतं. पिशवी बंद झाली. आई घरात बाबांचे जुने सुती शर्ट घालून बसायची.

एके दिवशी तिनं बाबांना सांगितलं, ती मोहरी गच्चीवर टाकून द्या, मला तिचं तोंड बघायचं नाही. मी म्हटलं, तीच धुऊन बाळाची उशी करू. माझ्या डोक्याखाली होती, तुझ्या छातीवर होती, आता बाळाला. मला ते फार सुंदर वाटत होतं. आई भडकली. "काहून? त्या मोहरीनं मले फसवलं. माझ्या नातवंडाच्या डोक्याखाली ती येणार नाही." बाबा गच्चीवर जाऊन टाकून आले. थोड्या वेळानं आईनं विचारलं, "खाल्ली का कबुतरांनी?" बाबा म्हणाले, "नाही. हुंगून गेली." आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. ज्या बायकांना तिनं मोहरीचे ब्लाऊज शिवून दिले होते, त्या सगळ्यांच्या छातीवर मोहरी होती. त्यांच्यातल्या कुणाला दाणा लागला तर? तीही पिशवीच उसवत बसेल. आईनं जिचा जिचा फोन होता तिला फोन केला. जिचा नव्हता तिला निरोप धाडला, आणि तपासणीला गेली की बाकावर बसून दारात बघत राहायची, ओळखीचं कुणी येतं का. सगळ्यांना एकच सांगायची, "हाताला दाणा लागला तर पिशवी बघायची नाही. आधी डॉक्टरला दाखवायचं. टाके नंतर. समजलं?" समजलं का हे ती इतकं दरडावून विचारायची की बायका घाबरून हो म्हणायच्या. एकीनं विचारलं, "मग तुम्ही का नाही आधी दाखवलं?" आई म्हणाली, "म्हणून तर सांगतेय."

मला मुलगी झाली. आईचं रेडिएशन संपून थोडे दिवस झाले होते, नवी कातडी धरायला लागली होती. डाव्या हातानं ओझं उचलायचं नव्हतं, दंडावर सूज होती. म्हणजे बाळाला पायावर घेऊन आंघोळ घालणं तिला शक्य नव्हतं. बाळंतपण कसं करणार, यावर तिनं तोडगा काढला. ती न्हाणीच्या दारात स्टुलावर बसली आणि बाबांना पाटावर बसवलं, पाय लांब करून. ज्या हातांनी बाबांनी आयुष्यभर बसचे नट आवळले, त्या हातांनी त्यांनी नातीला आंघोळ घातली.

"मान धरा. मान! इंजिन नाहीये ते."

"धरलीय."

"तेल जिरवा, पुसू नका. काहून एवढे घाबरता?"

बाबा घामाघूम. पोर मात्र मजेत. शेवटी धुरी झाली, पोर गुंडाळून माझ्याकडं आली, आणि आई स्टुलावरून उठत म्हणाली, "झालं बाई. केलं मी." बाबा कपाळ पुसत चहा टाकायला गेले.

उशी तेवढी राहिली. हात वर-खाली करून मशीन चालवायला तिला जमत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी शिवलेली उशी तिला चालणार नव्हती. उद्या शिवते, परवा शिवते करत नाव ठेवायचा दिवस उजाडला.

त्या दिवशी घर भरलं होतं. त्रिशरण, वंदना झाली. सगळ्या बायका पांढऱ्या साडीत. आईनं पांढरा ब्लाऊज घातला होता. जुनाच, पण डावी बाजू उसवून तिनं हातशिलाईनं सपाट करून घेतली होती. आत काही नव्हतं. कापड अंगाबरोबर बसलं होतं, एक सुरकुती नव्हती. पांढऱ्यातून सगळं दिसतं हे आमच्या कॉलनीत तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? गेली कित्येक वर्षं ती त्याच भीतीनं पदर ओढत आली होती. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "पदर घेऊ का नीट?" ती म्हणाली, "राहू दे."

पोर रडायला लागली. माझ्याकडं राहीना, पाळण्यात राहीना. आई खुर्चीवर मागं टेकून बसली आणि तिनं उजव्या हातानं पोरीला डाव्या बाजूला घेतलं. पोरीनं दोनदा डोकं इकडं-तिकडं केलं, तिथं टेकवलं आणि गप्प झाली. सगळ्या बायका बघत होत्या. काकूंनाच ते सहन झालं नाही.

"अहो ताई, एवढी लेकीच्या उशीची जाहिरात करायचात, नातीची उशी कुठंय?"

आईनं त्या सपाट जागेवरची पोर थोपटली.

"ही काय," ती म्हणाली. "मोहरीइतकी मऊ नाही. पण घरची आहे."

काकूंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. मला त्या दिवशी भरून आलं होतं ते दुःखानं नव्हे. माझी आई सगळ्यांसमोर, पांढऱ्या कपड्यात, जशी होती तशी बसली होती, आणि तिच्या अंगावर माझी मुलगी झोपली होती.

पुढं कितीतरी दिवस पोरीला झोपायला तीच जागा लागायची. माझ्याकडं घेतली तर डोकं घुसळून शोधायची, सापडायची नाही, मग भोकाड. हिंजवडीहून येताना बसला ट्रॅफिक लागायला लागला होता, उसाच्या जागी इमारती आल्या होत्या, मला उशीर व्हायचा. येऊन बघावं तर आई खुर्चीत, डोळे मिटलेले, आणि पोर डाव्या बाजूला.

त्या जागी आजार परत आला नाही. नात शाळेत जायला लागल्यावर तो आला, पण पाठीच्या मणक्यात. तेव्हा पाठ दुखतेय म्हटल्याबरोबर आईनंच चपला घातल्या. "चल," म्हणाली, "उगाच गादी बदलत बसायला नको." त्यानंतर ती फार दिवस नव्हती. मशीन माझ्याकडं आहे. मला त्यावर सरळ टीप मारता येत नाही.

परवा मुलीनं केस अगदी बारीक कापून घ्यायचं ठरवलं. कॉलेजात आहे, तिचं डोकं, तिचे केस. मी पार्लरमध्ये शेजारी बसून होते. केस खाली पडत गेले आणि डोकं दिसायला लागलं. कापणारी बाई साताऱ्याकडची होती. तिनं मशीन बंद केलं, पोरीच्या डोक्यामागं तळहात फिरवला आणि माझ्याकडं वळली.

"किती गोल हाय हो डोकं. ल्हानपणी मोहरीची उशी हुती का हिला?"

"नाही," मी म्हटलं. "आजी होती."